गयाक्काची कढई

गयाक्का स्वयंपाक करताना पदार्थांशी भांडायची. आमटीला उकळी येईना की म्हणायची, "या बाईसाहेब, या आता. तुमची वाट बघून जाळ दमला." भाकरी फुगली नाही तर तिला निखाऱ्यावर आपटत म्हणायची, "कामाच्या वक्ताला फुगत न्हाईस, आन घरातली मानसं बिनकामाची फुगत्यात." हे भांडण मला माझ्या खोलीत बसून ऐकू यायचं, कारण तिच्या स्वयंपाकघराची आणि माझ्या खोलीची मधली भिंत आढ्यापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. वरच्या मोकळ्या जागेतून तिचा आवाज यायचा, धूर यायचा आणि वास यायचे. मी मुलींच्या वह्या तपासत असायची आणि पलीकडे येसराच्या मसाल्याला तडका बसला की मला ठसका लागायचा. मग भिंतीपलीकडून विचारणा व्हायची, "बाई, हायस का गेलीस?"

खर्डा गावच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले ते एकाहत्तरच्या जूनमध्ये. मी मूळची राजूरची, भातखाचरांच्या आणि पावसाच्या मुलखातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वडील मला नोकरीच्या गावी पोहोचवायला आले तेव्हा त्यांना एकच घोर लागला होता, एकटी मुलगी राहणार कुठे. शाळेच्या शिपायाने गयाक्काचं घर दाखवलं. म्हणाला, "सासू-सून दोघीच असत्यात. पोरगा मिलटरीत हाय." वडिलांनी सारवलेली चूल पाहिली, चुलीमागे ओळीने उपडी घातलेली भांडी पाहिली आणि ते निवांत झाले.

गयाक्का उंच होती, काळीसावळी होती. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे थेंब उडून पडलेले जुने डाग होते. कपाळ मोकळं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"किती शिकलीय पोरगी?" तिने वडिलांना विचारलं.

"बी.ए., बी.एड.," वडील अभिमानाने म्हणाले.

"म्हंजी किती यत्ता?"

वडिलांनी मनात हिशेब केला, पण तो काही जुळेना. "लई," ते म्हणाले.

"मग भाकरी येती का?"

"तांदळाची येते," मी म्हणाले.

"त्याला पापड म्हंत्यात," गयाक्का म्हणाली, आणि तिची सून आत तोंडाला पदर लावून हसली. ती शकू. माझ्याहून लहान, लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. हिरवा चुडा अजून कोरा होता. नवरा, दत्तू, लग्नाची रजा संपवून पलटणीत परत गेला होता. मी त्याला कधीच पाहिलं नाही. पण त्या घरात राहायला लागल्यावर दोन आठवड्यांत मला दत्तू पाठ झाला. तो कोणते पदार्थ खातो, कोणते खात नाही, कशावर किती तूप घेतो, हे सगळं. कारण गयाक्का शकूला स्वयंपाक शिकवत होती आणि तिच्या शिकवण्यात पदार्थाचं नाव येण्याआधी दत्तूचं नाव यायचं.

"दत्तूला शेंगोळी घट्ट लागती. चमचा उभा राहिला पायजे."

"दत्तूला कापन्यात खसखस पायजे. नसली तर हातात घिऊन बघतो आन ठिवून देतो. बापावर गेलाय."

"दत्तूचा ठेचा खलबत्त्यात न्हाई, तव्यावरच. तांब्याच्या बुडानं रगडायचा."

हा ठेचा पहिल्या दिवशी माझ्या ताटात आला तेव्हा मी तो चटणीसारखा बोटभर घेतला. पुढचा काही वेळ मी काय केलं ते मला आठवत नाही. गयाक्काने गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला आणि शांतपणे म्हणाली, "गावाचं नाव काय उगंच ठिवलंय व्हय?"

तोवर ती मला "तुमी" म्हणायची. त्या खड्यानंतर मी "तू" झाले. माझ्यासाठी आठवड्यातून एकदा भात करायची आणि भात करणं म्हणजे एखाद्या आजाऱ्याची सेवा असल्यासारखा चेहरा करायची.

सणाच्या दिवशी मात्र ती निराळीच दिसायची. अंघोळ करून, ओले केस तसेच बांधून चुलीपुढे बसायची आणि कढई चढवायची. ती लोखंडी कढई जड होती, एक कान पिळवटून वाकलेला होता. पहिलं तळण तेलात सोडताना गयाक्का बोलायची नाही. त्याच वेळी फक्त. भांडण नाही, थट्टा नाही. एकदा मी विचारलं तेव्हा तिने मला तिच्या नवऱ्याच्या वर्षाची गोष्ट सांगितली.

घरात माणूस गेलं की त्या भागात वर्षभर चुलीवर कढई चढत नाही. पुरण शिजत नाही, तळण नाही, गोड नाही. सणाला भाऊबंद आणि शेजारी ताट आणून देतात. नवरा गेला तेव्हा दत्तू रांगणं सोडून नुकता चालायला लागलेला.

"येकेका सनाला ताटं यायची," गयाक्का म्हणाली. "कुनाची दया करून, कुनाची रीत म्हनून. पोरगं त्या ताटावर तुटून पडायचं. म्या बघायची. दुसऱ्याच्या हातचं गोड माझ्या लेकराच्या तोंडात. वरीस सरलं आन भावानं येऊन कढई ठिवली. त्या दिशी म्या मनात म्हनलं, आता माझा लेक हाय तवर ही कढई येक सन बी खाली राहनार न्हाई."

ती हे अगदी साधेपणाने बोलली आणि लगेच करंजीवर ओरडली, "फुटू नगं गं बये."

डिसेंबरात लढाई झाली. शाळेत रेडिओ होता, आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहायचो. लढाई संपली, जिंकली, गावात पेढे वाटले गेले. दत्तूचं काही कळलं नाही. संक्रांतीच्या सुमारास तार आली. पोस्टमनने ती गयाक्काच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

मी वाचली. मग मराठीत सांगितलं, "दत्तूभाऊ बेपत्ता आहेत म्हणून लिहिलंय."

"बेपत्ता म्हंजी?"

"म्हणजे सापडत नाहीत."

"मेला आसं लिवलंय का?"

"नाही."

"मग झालं," गयाक्का म्हणाली आणि तीळ भाजायला बसली. शकू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गयाक्काने मान वर न करता तिला सांगितलं, "गूळ किसून घे. हात चालव." त्या दिवशी तीळ मात्र जळाले. गयाक्काच्या हातून काही जळलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्याशी भांडली नाही. मुकाट्याने उकिरड्यावर टाकून आली आणि दुसरे घेतले.

गावाने थोडे दिवस वाट पाहिली. लढाईत गेलेल्यांची नावं आसपासच्या खेड्यांत कळत होती. ज्यांचं काहीच कळत नाही त्यांचं काय झालं असणार, हेही लोकांना कळत होतं. होळीच्या दिवशी गयाक्काच्या चुलीवर पुरण शिजलं. वास गल्लीभर गेला. दुपारी तिचे दीर, बाबूराव, अंगणात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. पण तो भावकीतला वडीलधारा होता आणि त्याची अडचण खरी होती.

"वैनी, हे काय चाललंय?"

"होळी हाय. पोळ्या चालल्यात. बसा."

"बसायला न्हाई आलो. आमी सुतक धरावं का न धरावं? माझ्या घरात सूनबाईनं पुरान घातलं न्हाई. लेकरं रडाया लागल्यात. आन हितं..."

"मग घाला की पुरान. कोन मेलंय?"

बाबूराव हळू आवाजात म्हणाले, "वैनी, लोक बोलत्यात."

"लोकांना बोलू द्या. दत्तूच्या बायकोच्या कपाळाला कुंकू हाय ना? मग ह्या घरात सन हाय." तिने पोळी तव्यावरून काढली, तुपाची धार सोडली, ताटलीत घालून दिराच्या हातात दिली. ताटली हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते. पोळी खाल्ली नाही. ओट्यावर ठेवून निघून गेले. ती पोळी शकूने उचलून आणली आणि कुठे ठेवावी ते तिला कळेना.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आषाढ कोरडा गेला. आमच्याकडे आषाढात पावसाने घराबाहेर पाय ठेवता येत नाही, इथे धुळीने डोळे उघडता येत नव्हते. रेशनच्या दुकानात मिलो मिळायची, लाल परदेशी ज्वारी. गावातले बरेच जण दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, सासू-सुनाही जायच्या. संध्याकाळी दोघींच्या भुवयांवर पांढरी धूळ असायची. पण आषाढात आखाड तळायची रीत. गुळाच्या कापण्या आणि तिखटाच्या पुऱ्या तळल्याशिवाय गयाक्काचा आषाढ सरणार नव्हता. तेल वाटीभर होतं. गहू नव्हताच. तिने मिलोच्या पिठात गुळाचं पाणी घालून कापण्या लाटल्या आणि तेलात सोडल्या. सोडल्या तशा त्या विरघळून पसरल्या.

"बघ बघ," ती मला म्हणाली, "सात समुंदर वलांडून आली आन माझ्या कढईत पाय पसरून बसली."

शकू हसायला लागली. मीही हसले. गयाक्काने झाऱ्याने तो चुरा गोळा केला, पिळून काढला, ताटलीत घेतला आणि आम्हा तिघींच्या हातावर चमचा-चमचा वाटला. तेलकट, कडवट, गोडसर काहीतरी होतं. तिने चावून पाहिलं. "दत्तूनं थुकून टाकलं आसतं," म्हणाली. शकूचं हसणं थांबलं.

शाळेत मुलांना सुकडी वाटायची असायची, गूळ घातलेलं भाजकं पीठ. उरलेली डबाभर मी एकदा घरी आणली. गयाक्काने जिभेवर ठेवली. "भाजलीय चांगली, पर कुनी मायेनं हात फिरवला न्हाई हिच्यावर." पुन्हा तव्यावर घेतली, वेलदोड्याची साल कुटून घातली आणि लाडू वळले. ते लाडू तिने खडीच्या कामावर बायकांत वाटले. कुणी घेतले, कुणी नाही घेतले. ज्यांनी नाही घेतले त्यांना भूक नव्हती असं नाही. मुलगा गेलेल्या बाईच्या हातचं गोड घ्यायला त्यांना भीती वाटत होती.

नागपंचमीला शकूचे वडील तिला माहेरी न्यायला आले. पंचमीला चुलीवर तवा-कढई ठेवत नाहीत, सगळं उकडून करतात, म्हणून गयाक्काने पुरणाची दिंडं केली होती. कुठून दोन मुठी गहू आणले होते कोण जाणे. जेवण झाल्यावर व्याही चाचरत म्हणाले, "इहिनबाई, महिनाभर ऱ्हाऊ द्यावं म्हनतो."

"चार दिस ऱ्हाऊ द्या."

"पोरीचं वय काय, तुमी जानताच. आपल्यात दुसऱ्या घरी पाट लागतो. कुनी इचारलं तर..."

"कुनी इचारलं?"

"न्हाई, इचारलं तर म्हनतो."

गयाक्काने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवला. "माझा लेक दारात आला आन बायको घरात नसली तर म्या त्याला काय सांगू? माहेरी हाय म्हनून चार दिस सांगंन. महिना न्हाई सांगनार."

शकू चार दिवसांनी परत आली. तिला काय वाटत होतं हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. ती विचारण्यासारखी गोष्टच नव्हती. आमच्या दोघींत वयाचं अंतर फार नव्हतं. मी पगारातून घरी मनिऑर्डर करत होते, पुस्तकं घेत होते, पुढे कुठे बदली मिळेल त्याची स्वप्नं पाहत होते. ती न परतलेल्या माणसाच्या आवडी शिकत होती.

दिवाळीच्या आधी पलटणीकडून दुसरा कागद आला. त्यात त्याला मृत समजण्यात यावं असं लिहिलेलं होतं. मी तो वाचून दाखवला. गयाक्का म्हणाली, "समजायचं त्यांनी समजावं," आणि दिवाळीचे कानवले केले. थोडेसेच. एका ताटलीत घालून पदराखाली झाकून शेजारच्या चंद्रभागाकडे घेऊन गेली. दोघी लग्न होऊन एकाच साली या गल्लीत आलेल्या, दिवाळीचं ताट एकमेकींकडे कधी चुकलं नव्हतं. चंद्रभागाने दार उघडलं, ताटलीकडे पाहिलं आणि रडायला लागली.

"गया, म्या न्हाई गं घेऊ शकत. माझं बी पोरगं पलटनीत हाय."

गयाक्का ताटली घेऊन परत आली. अंगणात उभी राहिली. मग माझ्या खोलीत आली आणि कानवले माझ्या टेबलावर ठेवले. "तू खाशील ना? का तुला बी भ्या वाटतं?"

मी खाल्ले. ती समोर बसून मी खाताना बघत होती. सारणात सुकं खोबरं कमी होतं, बहुतेक रवाच होता. पण कडा इतक्या बारीक दुमडलेल्या होत्या की मला तोडवेना. त्या दिवसापासून ती गल्लीत कुणाकडे ताट घेऊन गेली नाही. मात्र चुलीवर कढई चढत राहिली. चढवताना आता ती आतलं दार लावून घ्यायची.

गुढीपाडवा झाला आणि उन्हाची काहिली सुरू झाली. टँकरच्या पाण्यासाठी भांडणं व्हायची. एका रविवारी दुपारी व्याह्यांनी पाठवलेले हुलगे दळून शकूने शेंगोळी केली. हुलग्याच्या पिठाची कडबोळी तिखटजाळ लसणीच्या पाण्यात शिजवतात, तीच ही. त्या दिवशी गयाक्काला ताप होता, म्हणून शकूने एकटीनेच केली. आम्ही तिघी जेवायला बसलो. शकूने वाढली. गयाक्काने ताटलीत बोट फिरवलं आणि ताटली पुढे सरकवली.

"पातळ झाली."

"जरा झाली," शकू म्हणाली.

"जरा? चमचा बुडतोय. दत्तूला आशी चालती का? किती वेळा सांगितलं. दत्तू जेवायला बसला आन हे पानी पुढं आलं तर..."

"आक्का," शकू म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "त्यांना घट्ट लागती. भाकरी कडक लागती. कांदा फोडून लागतो, चिरून न्हाई. कापन्यात खसखस लागती. सगळं ध्यानात हाय माझ्या. पर त्यांचं तोंड न्हाई आठवत मला."

मी जेवायची थांबले. शकू खाली बघत पुढे बोलत राहिली, जणू एकदा सुटल्यावर तिला थांबता येत नव्हतं.

"डोळं मिटून लई बघती. कपाळ आठवतं, मिशी आठवती. सगळं मिळून न्हाई आठवत. चार दिसांची वळख हुती. लाजून म्या वर बघितलंच न्हाई धड. आता ते बाजारात समूर आले तर म्या वळखनार न्हाई, आक्का. मंग म्या कुनासाठी रांधती?"

बाहेर कुठेतरी टँकर आल्याचा गलका झाला, भांडी वाजली, पण आमच्यापैकी कुणी उठलं नाही. मग गयाक्काने सरकवलेली ताटली पुन्हा ओढून घेतली. भाकरी कुस्करली. खाल्लं. तापात तिला चव लागत होती की नाही, माहीत नाही. ताटली रिकामी झाल्यावर ती शकूपुढे धरून म्हणाली, "वाढ आजून."

शकूने वाढलं.

"तुला पातळ आवडती?"

शकूने मान हलवली. होय.

"म्हायेरी आशीच करत्यात?"

"व्हय."

"चांगली लागती," गयाक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताप असतानाच ती बाबूरावांकडे गेली. घरात गेली नाही, अंगणातूनच म्हणाली, "भावजी, जे करायचं ते करून घ्या. आखितीला माझ्या लेकाच्या नावानं घागर भरायची हाय." आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, गोडाचं जेवण करतात. बाबूराव ओसरीवरून उठले, खाली आले आणि तिच्यापुढे लहान मुलासारखे रडले. ते वर्षभर थांबवलेलं रडणं होतं.

देह नव्हता म्हणून नदीच्या कोरड्या पात्रात पळसाच्या पानांचा माणूस करून त्यालाच अग्नी दिला. बायका जमल्या. कुणीतरी रीतीप्रमाणे शकूच्या बांगड्यांना हात घातला तेव्हा गयाक्का मध्ये आली. "तिला कुनी हात लावायचा न्हाई. रडायचं त्ये म्या रडंन. तिची वळख किती हुती?" मग तिने स्वतः आपला पदर ओला केला आणि शकूच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. जेवून उठलेल्या मुलाचं तोंड पुसावं, तसं. शकू तिच्या कमरेला मिठी मारून बसली. गयाक्का उभीच होती. ती रडली की नाही, मी सांगू शकत नाही. ती बायकांकडे पाठ करून उभी होती.

आखितीला तिने घागर भरली. गल्लीत पिण्याला पाणी नव्हतं, पण त्या दिवशी चंद्रभागाने आपल्या वाटणीची कळशी आणून तिच्या घागरीत ओतली. ओतली आणि तिच्या पायाशी बसली. गयाक्काने पितरांसाठी पुरणाचं जेवण केलं. ते तेवढं चालतं. सगळं आटोपल्यावर तिने कढई राखेने घासली, तेलाचा हात फिरवला आणि माळ्यावर ठेवून दिली.

शाळेला सुट्टी लागत होती. माझी बदली नगरला झाली होती, सावेडीकडच्या एका नव्या शाळेत. मी निघणार होते त्याच दिवशीच्या एस.टी.ने शकूचे वडील तिला घेऊन जाणार होते. पाटाची बोलणी जामखेडकडच्या एका घरी सुरू होती, माणूस बरा होता. (पुढे शकू तिथे नांदली. तिला मुलं झाली. हे मला बरंच उशिरा कळलं.)

निघायच्या सकाळी गयाक्का माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसली. आत आली नाही.

"बाई, येक काम हाय."

"सांग ना, आक्का."

"पोर घरातनं चालली. बिनगोडाची कशी धाडू? आन माझ्या चुलीवर तर वरीसभर गोड हुनार न्हाई. तुझा ष्टोव्ह हाय. तू काय आमच्या सुतकातली न्हाईस. तू कर, म्या हितनं सांगती."

पदराखालून तिने कणकेची पुडी, गूळ आणि वाटीत थोडं तूप काढून उंबऱ्यावर ठेवलं. मी स्टोव्ह पेटवला. कणीक तुपावर भाजायला घेतली. ती बाहेर भिंतीला टेकून बसली होती, तिला पातेलं दिसत नव्हतं.

"जाळ कमी कर. लई वाजतोय."

मी कमी केला.

"आता हालव. बुडापासनं. थांबू नगंस. न्हाई, आजून कच्ची हाय... आजून... हां, आता वास आला. उतरव. उतरव लवकर!"

मी पातेलं उतरवलं, गूळ मिसळला. लाडू वळताना ते माझ्या हातात फुटत होते. "मूठ दाब," ती म्हणाली. "मास्तरीन हायस ना, पोरांचं कान पिळतीस तशी दाब." मी मान वळवून पाहिलं. तिची स्वतःची मूठ मांडीवर वळलेली होती आणि दाबून धरलेली होती.

लाडू झाले तेवढे मी डब्यात भरले आणि उंबऱ्यावर ठेवले. तिने एक उचलला, फोडून आत पाहिलं, नाकाशी नेला. तोंडात टाकला नाही. "बरी हायस," म्हणाली. एवढंच. माझ्या पदवीचं कौतुक गावात पुष्कळांनी केलं होतं. त्यातलं आता मला काहीच आठवत नाही.

एस.टी. स्टँडवर ऊन होतं. शकूचे वडील बोचकं घेऊन आधी आत चढले. मी खिडकीशी बसले, माझ्या पलीकडे शकू. डबा तिच्या मांडीवर होता. गयाक्का खिडकीखाली उभी राहिली आणि हात वर करून तिने खिडकीची कड धरली.

"शके."

"आक्का."

"तिकडं गेल्यावर त्यांना काय आवडतं ते सगळी सांगतीलच तुला. ते कर. पर तुला आवडतं ते बी करत जा. येकाद दिस का हुईना."

शकूने माझ्या अंगावरून वाकून गयाक्काच्या बोटांवर आपला हात ठेवला.

"आन सनासुदीला हिकडं येऊ नगंस," गयाक्का म्हणाली. "ते बरं दिसनार न्हाई त्यांना. म्या काय रागावनार न्हाई."

"म्या यीन."

"येऊ नगंस म्हनती ना."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तरी गयाक्काने बोटं सोडली नव्हती, दोन-तीन पावलं तशीच गाडीबरोबर चालली. मग सोडली. मी खिडकीतून डोकं काढून मागे पाहत राहिले. मला वाटलं होतं ती तिथेच उभी राहील. पण ती वळली होती आणि गावाकडे चालायला लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळीखाली ती थांबली. पडलेल्या वाळक्या काटक्या एकेक वाकून उचलल्या, काटे मोडले आणि पदरात घेतल्या. संध्याकाळची चूल पेटवायची होती, एकाच माणसाची.